अंगावरचं दूध

रामबाईने डबा उपडा करून तळहातावर आपटला. चिमूटभर पूड पडली. तीही पिवळी, गोळा झालेली. मालगुजाराची बायको ती. सौंदडच्या शिवारातल्या निम्म्या धानाच्या बांध्या तिच्या नवऱ्याच्या. पण आज पैसा टाकूनही दूध मिळत नव्हतं. लढाई पेटली होती, विलायतेची जहाजं बुडत होती आणि गोंदियाच्या बाजारातून दुधाचा डबा नाहीसा झाला होता.

सून रुख्मिणी खाटेवर बसली होती, लेकरू मांडीवर. लेकराचे डोळे आत गेले होते. रडायचंही त्राण नव्हतं. गाईचं दिलं, बकरीचं दिलं, पोटात ठरत नव्हतं. आणि रुख्मिणीची छाती कधीचीच आटली होती. आटली कसली, आटवली होती. जिनं आटवली ती समोर उंबऱ्याशी बसली होती.

जमुनाबाई. महारटोलीची दाई. तिची आजी, तिची माय, सगळ्या या घरात मागच्या दारानं शिरल्या, नाळ कापली आणि मागच्याच दारानं बाहेर पडल्या. त्यांच्यामागं गोमूत्र शिंपडलं गेलं. मग एक दिवस गोंदियाहून मुन्नालाल आला, डब्याच्या कंपनीचा माणूस. त्यानं जमुनाला पांढरं लुगडं दिलं, छातीवर लावायला पितळी बिल्ला दिला, फुकट वाटायला डब्यांचं पार्सल दिलं.

"दवा के लिए लोग डॉक्टर की सुनते हैं, बच्चे के लिए दाई की," तो म्हणाला. "तू बस इतना बोल, माँ का दूध पतला है."

जमुना बोलली. घरोघर बोलली. बाळंतिणीचं दूध बोटावर पिळून दाखवलं, "पाहा जी, निस्तं पानी हाये." कोणत्या आईचं दूध बोटावर पातळ दिसत नाही? पण बिल्लेवाली बाई सांगते म्हटल्यावर वाद कोण घालणार! पहिला डबा फुकट. तो सरेस्तोवर छाती आटायची. मग पुढचे डबे झक मारून विकत घ्यावे लागायचे. हा डाव जमुनाला कळत नव्हता असं नाही. पण त्या लुगड्यात ती मोठ्या घरांच्या पुढच्या दारानं आत जायची. तेवढ्यासाठी तिनं डोळ्यांवर कातडं ओढलं.

लेकरू आजारी पडल्यापासून ती इथंच ओसरीवर मुक्कामाला होती. स्वतःच्या घरी फिरकली नव्हती.

"गावात दुसरी कोनी पाजनारी नाही का वं?" रामबाईने विचारलं.

"हायेत ना जी. पन मरतुकड्या लेकराले पाजलं का आपलं दूध त्याच्यामागं जाते म्हनतात. कोनी छातीले लावत नाही." जमुना घुटमळली. "माजी सून हाये, शामकला. तिचा पोट्टा याच्याच एवढा. मी सांगतलं तं नाही म्हननार नाही."

रामबाई ताडकन उठली. "जीभ झडन तुजी! महाराचं दूध माज्या नातवाच्या पोटात?"

जमुनानं तो रिकामा डबा उचलला आणि तिच्यासमोर धरला. "आन याच्यातलं कोन्या जातीचं होतं जी? कोनं गाय पिळली, कोनाचा हात लागला, इचारलं का तुमी कधी?"

त्या घरात असं कोणी बोललं नव्हतं. रामबाईचा हात उगारला गेला. पण मध्येच रुख्मिणी बोलली. लग्न होऊन आल्यापासून सासूसमोर तिनं मान वर केली नव्हती.

"तिले बोलवा, आत्याबाई. नाही तं मीच याले घेऊन टोलीत जातो."

रामबाईनं उगारलेला हात खाली घेतला, नातवाच्या कपाळावर ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मागच्या दारानं आन. गोठ्यात बसव. कोनाले दिसू नोको देऊ."

मागचं दार! जमुनाला हसू आलं. भर दुपारी ती बांध्यांच्या मधल्या धुऱ्यावरून टोलीकडं सुटली. पाय पोळत होते, पण छाती भरून आली होती. लेकरू वाचेल, हे तर होतंच. शिवाय मालगुजाराचा वारस तिच्या घरच्या दुधावर वाढणार होता. तिनं शिवलेला उंबरा हे लोक धूत आले. पोटात गेलेलं दूध कोणत्या गोमूत्रानं धुणार? त्या डब्यांचं पाप आज फिटणार असं तिला वाटलं. टोलीत तर तिनं एक डबाही वाटला नव्हता. मुन्नालालनंच सांगितलं होतं, "वहाँ कौन खरीदेगा?"

"ऊठ वं शामकले!" ती दारातूनच ओरडली. "मालगुजाराच्या नातवाले पाजाचं हाये. चाल लवकर!"

शामकला चुलीपाशी बसली होती. मांडीवर पोट्टा. ती वाटीतली पातळ पेज बोटानं त्याच्या तोंडात सोडत होती. अर्धी पेज गालावरून ओघळत होती. त्या पोराचेही डोळे आत गेले होते.

"कायनं पाजू?" ती उठली नाही. "माज्याच पोट्ट्याले नाही राहिलं."

"काऊन? तुले तं धो धो होतं!"

शामकलानं धानाच्या कोठीमागं बोट दाखवलं. तिथं कंपनीचे रिकामे डबे एकावर एक रचलेले होते, घासूनपुसून, देवासारखे.

"तुमी पार्सल आनलं का एक डबा मी गुपचूप काढून घेत होतो, आत्याबाई," ती म्हणाली. "मोठ्या घरची लेकरं डब्याचं पेतात, असं तुमीच सांगत होत्या. मंग माज्याच पोट्ट्यानं काऊन अंगावरचं प्यावं?"