तव्यावरची भाकरी

कृषी विद्यापीठाच्या पोरींना शेतकऱ्याच्या घरी राहून शेती शिकावी लागते, म्हणून दिवाळीनंतर रुपाली महिनाभर पाथर्डीकडच्या एका कोरडवाहू गावात रंगुबाईकडं राहिली. रंगुबाई तिला रोज तव्यावरची गरम भाकरी वाढायची आणि स्वतः सकाळची शिळी खायची.

निघायच्या दिवशी रुपाली म्हणाली, "आजी, आज तरी तुम्ही गरम खा. किती लाड केलेत माझे!"

"लाड कशाचे गं बाई. आली त्या दिवशीच तू म्हनली हुतीस, तुझं गाव देवळाली प्रवरा, घरचा लई ऊस हाय. माझा ल्योक अन् सून नातीला घेऊन तिकडंच तोडीला गेल्यात. म्हनलं, मी हिच्या पोटाला बघते, तिकडं हिची आई माझ्या नातीला बघंल."

रुपालीनं हातातला घास परत ताटात ठेवला.

"बघत असंल न्हवं गं?" रंगुबाईनं विचारलं.

दरवर्षी रुपालीच्या घरच्या उसाच्या कडेला तोडणीवाल्यांच्या कोप्या उभ्या राहिल्या, की आई आधी मागचं दार लावून घ्यायची.