गोंदाचे तीन थर

उमापूरच्या माळावर योगिताची दोन रॉकेटं एकाच कारणानं फुटली होती: पॅराशूट उघडताना हिसका बसला की त्याचा दोरा पुठ्ठ्याच्या नळीतून उपटून यायचा. स्पर्धेसाठी सुखरूप उतरण्याचा व्हिडिओ आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता आणि इंजिन एकच उरलं होतं. म्हणून तिनं दोरा लाकूड चिकटवायच्या गोंदाचे तीन थर देऊन बसवला, नळीचं तोंड झटपट वाळणाऱ्या पातळ गोंदानं कडक केलं आणि आकार बिघडू नये म्हणून लगेच टोपण घातलं. रॉकेट सरळ वर गेलं. टोपण ढकलून पॅराशूट बाहेर फेकणारा आतला बार उडाला, पण टोपण निघालंच नाही. पॅराशूट पोटात घेऊन ते मातीत रुतलं. योगितानं फाटक्या नळीतला दोरा वैतागून ओढला. "अण्णा, आता ह्यो हलतबी न्हाई." शेळ्या सोडून शूटिंग करणारे वडील जवळ आले. "दावं लई पक्कं बांधलंस, पर गोठ्याचं दारबी चिकटवलंस की."