पाठीवरचं नाव

अंतिम सामन्यात गोलकीपर परेरा खांदा धरून लोळला, तेव्हा राखीव गोलकीपर हंबीर साळोखे बाकावर निवांत शेंगा खात होता. देशाच्या फुटबॉल संघातून ही त्याची तिसरी दक्षिण आशियाई स्पर्धा; तिन्ही वेळा त्यानं झिजवलं ते बाकच.

"साळोखे, उतर," प्रशिक्षक म्हणाले.

त्यानं ऐटीत जॅकेटची चेन खाली ओढली आणि तितक्याच झटकन वर केली. आत नुसता बनियन होता. कुणी मैदानात उतरवत नाही म्हणून जर्सी त्यानं हॉटेलातच ठेवली होती. आणि त्या जर्सीवरचं त्याचं नाव टीव्हीवर वाचता यावं, म्हणून कोल्हापुरात आई साठीत इंग्रजी अक्षरं शिकली होती.

शेवटी परेराचीच घामट जर्सी चढवून तो उतरला. शेवटची पेनल्टी त्यानं अडवली आणि सुवर्णपदक मिळालं.

त्यानं धापा टाकत घरी फोन लावला. "आई, बघितलंस न्हवं?"

"बघितलं की. तोंड तुझ्यावानी वाटलं, म्हणून मुद्दाम नाव वाचलं. परेरा. लई गुणाचं पोरगं. तू कुठं हुतास?"

"अगं, मीच त्यो."

"गप बस," आई म्हणाली. "आता वाचाय येतंय मला. फसायची न्हाई."