शेजारासकट घर

"एक लाख चाळीस हजार!" लिलाव पुकारणारा नोटरी ओरडला आणि कॅफेच्या हॉलमध्ये चिडीचूप झालं.

नेलचा जीव टांगणीला लागला होता. तिला जे बोलायचं होतं ते ती पहिल्या फेरीतच बोलून बसली होती. नव्वद हजार गिल्डर. त्यापुढे बँक एक छदाम द्यायला तयार नव्हती. तिच्यावर कुणी बोली चढवली नाही, पण त्यात काही राम नव्हता. मुरलेली माणसं पहिल्या फेरीत तोंड उघडतच नाहीत. आता ही दुसरी फेरी. नोटरी वरून आकडा खाली आणणार आणि जो पहिल्यांदा "माझं!" म्हणेल त्याचं घर. नव्वदपर्यंत सगळे गप्प राहिले तर नेलचं.

"एक लाख पस्तीस!"

आठ वर्षांपूर्वी ती रॉटरडॅमहून या गावात आली ती म्हाताऱ्या टोबियासची देखभाल करायला. पगार बेताचा, राहायला मागची खोली. म्हातारा गेला, पुतण्यांनी आठवड्यात घरावर विक्रीची पाटी लावली. नेलला दुसरं घर नव्हतं आणि हवंही नव्हतं. तिथल्या नाशपातीच्या झाडाला तिने मरता मरता वाचवलं होतं.

हॉलमध्ये शेजारची सहाही घरं हजर होती. पहिल्या रांगेत बेरेंड विसिंक, गाईंचा मोठा गोठा असलेला, आडदांड आणि मितभाषी. त्याच्या कोठारात गेले आठवडाभर रोज संध्याकाळी ही सगळी मंडळी जमत होती. आतून हसण्याखिदळण्याचा आवाज यायचा. परवा नेल दूध आणायला गेली तर सगळे एकदम गप्प झाले, आणि बेरेंडच्या बायकोने तिच्या तोंडावर दार लोटून घेतलं. वर्गणी काढून घर घ्यायचा डाव शिजतोय, हे कळायला नेल दूधखुळी नव्हती. आज तर बेरेंडची बोटं लालभडक होती. मेल्यांनी खिडक्यांसाठी रंगसुद्धा आणून ठेवला! तिला भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

"एक लाख वीस!"

बेरेंडशेजारी उंटाच्या रंगाचा कोट घातलेला एक अ‍ॅमस्टरडॅमकर बसला होता. त्याला घर सुट्टीत राहायला हवं होतं. एकदा त्याने श्वास घेऊन छाती फुगवली, मग आजूबाजूला पाहिलं. एवढा आकडा घसरला तरी गावातलं एकही माणूस हलत नव्हतं. तो बेरेंडकडे झुकला. नेल त्यांच्या बरोब्बर मागे होती.

"काय हो, कुणीच कसं बोलत नाही? घरात काही खोट आहे का?"

"खोट? छे! घर ठणठणीत आहे, साहेब," बेरेंड म्हणाला. "फक्त घरासोबत शेजारधर्म येतो."

"म्हणजे?"

"म्हणजे माझी गाय विताना अडली की वासराला बांधलेली दोरी धरायला यायचं. बर्फ असो, पाऊस असो."

"एक लाख दहा!"

"दीनामावशीने अंथरूण धरलं की उशाशी बसायचं. आमच्या सहा घरांत कुणी गेलं तर गावभर दारोदार पायी जाऊन निरोप सांगायचा. फोन चालत नाही. आणि खांदा द्यायचा."

"हे कायद्यात आहे?"

"कायद्यात नाही. म्हणून तर मोडता येत नाही."

"एक लाख पाच!"

"आणि मी नाही केलं तर?"

"काही नाही हो," बेरेंड शांतपणे म्हणाला. "तुमच्यावर वेळ येईल तेव्हा आम्हीही बघू."

त्या माणसाने उघडलेलं तोंड मिटलं आणि कोटाची बटणं लावायला घेतली.

मागे नेल मनातल्या मनात एकेक मोजत होती. दोरी तिनेच धरली होती, दोन हिवाळ्यांमागे, कोपरापर्यंत हात घालून. दीनामावशीच्या उशाशीही तीच बसली होती. मावशी बरी झाली, आणि आज तिसऱ्या रांगेत विणत बसली होती. टोबियास गेल्याचा निरोप घेऊन नेलच चिखल तुडवत गावभर फिरली होती. असं करायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. करावंसं वाटलं, केलं.

"एक लाख! पंच्याण्णव हजार!" नोटरीने घसा खाकरला. हॉलमध्ये फक्त मावशीच्या सुयांचा आवाज होता. "नव्वद! घर नेल फान दर स्टूप यांचं!"

हातोडा आपटला आणि जी माणसं इतका वेळ मुकी बसली होती ती बेंबीच्या देठापासून ओरडली. कुणीतरी नेलच्या हातात मनुका घातलेली ब्रँडी कोंबली. तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं. मग सगळा लवाजमा तिला मधोमध घेऊन घराकडे निघाला.

फाटकापाशी नेलचे पाय थांबले. सकाळी ती निघाली तेव्हा दाराची चौकट उघडीबोडकी होती. आता तिच्यावर पाइनच्या डहाळ्यांची कमान होती, कागदी गुलाबांनी खच्चून भरलेली. शेकडो गुलाब, बेरेंडच्या बोटांसारखे लालभडक. मधोमध पाटी आणि पाटीवर तिचं नाव.

"ही... ही लिलावाच्या आधीच बांधलीत?" नेलने विचारलं. "अहो बेरेंड, आणि त्या माणसाने घर घेतलं असतं तर?"

बेरेंडने कमानीकडे पाहिलं, एक वाकडा गुलाब सरळ केला आणि म्हणाला,

"तर काय? रोज तुझ्या नावाखालून घरात शिरला असता."