परसातल्या पट्ट्या

चौथ्या काडीखालची माती स्वरूपाने खुरप्याने हलकेच बाजूला केली. खाली पुरलेली पट्टी नव्हती. पाचवीखालीही नाही. विसाव्या काडीपर्यंत पोचायच्या आधीच तिला कळून चुकलं, की तिसरी खेपही वाया गेली.

उद्यमबागेतले कारखानदार नागराज पलीकडे उकिडवे बसले होते. त्यांनी मूठभर माती बोटांतून गाळून पाहिली, हात झटकले आणि चहा न घेताच उठले. आता शेडमध्ये साध्या प्लास्टिक पिशव्यांचं मशीन बसवतो, वाईट वाटून घेऊ नका, एवढं म्हणून ते गेले.

वाईट वाटणार नाही तर काय? चार वर्षं तिने चिंचोक्यापायी घातली होती.

बेळगावच्या वडगावातलं हे विणकराचं घर. ताण्याला लावायची चिंचोक्याची खळ इथे पिढ्यान्पिढ्या शिजलेली, आणि पोरगी त्याच चिंचोक्यावर संशोधन करायला धारवाडला गेलेली. काखेत कळसा अन् गावाला वळसा, असं गल्ली म्हणायची. पण नुसती खळ वाळवली तर पापडासारखी तडकते आणि ओल लागली की लिबलिबते. स्वरूपा चिंचोक्याच्या पिठातली बहुशर्करा वेगळी काढायची, त्यात लिंबातलं आम्ल घालून तापवायची. मग तिच्या साखळ्या एकमेकींत गुंतून पातळ, चिवट पापुद्रा तयार व्हायचा.

त्याच्या पिशव्या व्हायच्या होत्या, निपाणीकडच्या तंबाखूच्या रोपांसाठी. रोप पिशवीत चाळीस दिवस वाढतं. तेवढे दिवस पिशवी ओल्या मातीत शाबूत राहायला हवी. पुढे रोपासकट शेतात लावली की आपली हळूहळू कुजून जाईल. नागराजांची अट सरळ होती. चाळीस दिवस पुरलेल्या पट्ट्या अखंड दाखवा, लगेच काम सुरू करू. तसं झालं असतं तर स्वरूपा बेळगावातच राहिली असती. नाहीतर वापीच्या कारखान्यातली नोकरी होतीच.

आई गेल्यापासून घरात ती आणि केदारी आप्पा, दोघंच. पहिल्या खेपेला ती पट्ट्या पुरत असताना आप्पांनी विचारलं होतं, हे काय चाललंय? ती घाईत होती. "प्लास्टिक मातीत विरत न्हाय आप्पा, हे विरतंय. चाळीस दिसांनी उकरून बघायचं," एवढंच तिने सांगितलं. आम्लाचं आणि अटींचं त्यांना काय कळणार, असं तिला वाटलं होतं.

आप्पांनी मात्र परसाची काळजी घेतली. काड्या हलू दिल्या नाहीत, मांजर फिरकू दिलं नाही. उकरायला मऊ जावं म्हणून आदल्या संध्याकाळी तिथे पाणीही मारून ठेवत.

पहिल्यांदा पट्ट्या नाहीशा झाल्या, तेव्हा आप्पा तोंड गोड करायला पाव किलो कुंदा घेऊन आले. स्वरूपाच्या घशाखाली तो उतरला नाही. दुसऱ्यांदा तिने आम्ल वाढवलं, तरी तेच. प्रयोगशाळेत आठवडेच्या आठवडे टिकणारा पापुद्रा परसात का टिकत नाही, याचं उत्तर तिला सापडेना. मुंग्या असतील, मातीतली बुरशी असेल, असं ती वहीत लिहीत बसली आणि आप्पा शेजाऱ्यांना हसून काहीतरी सांगत राहिले. पोरीचं हे खूळ एकदाचं जावं, तिने लग्न करावं, एवढंच यांना हवंय, अशी तिने मनाशी खूणगाठ बांधली. त्या रागात तिसऱ्या खेपेचे चाळीस दिवस ती त्यांच्याशी धड बोललीही नाही.

वापीला निघायच्या दिवशी आप्पांनीच तिची बॅग बांधली. भडंगाची पुडी वर ठेवली, मग काढून पुन्हा खाली दडपली. ते पाहून तिला भरून आलं, आणि रागही.

"आप्पा, येक विचारू? माझ्या पट्ट्या मातीत गेल्या की तुला येवढा आनंद का व्हायचा?"

आप्पा तिच्याकडे बघतच राहिले. "व्हायचा न्हाय तर काय? त्या विरल्या की तुझं काम झालं न्हवं? म्हंजे तू हितंच ऱ्हाणार, असं मला वाटलेलं. आता तुला का घालवाय लागलेत, तेच कळंना झालंय."

आप्पांनी दाराबाहेर नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"मी केल्यालं त्या नागराजला कळलं काय गं?"

"काय केलास?"

"तिन्ही येळंला शेवटच्या दिसापतोर वाट बघितलो, येकबी पट्टी विरंना. मग आदल्या दिशी समद्या मीच उकरून काढलो."