मेंदी वाळेपर्यंत

भाचीच्या लग्नाची मेंदी दोन्ही हातांवर ओली होती आणि कादंबरी नेमकी रंगात आली होती. मांडीवरच्या पुस्तकावर वासंतीनं दोनदा फुंकर मारून पाहिली. पान काही उलटेना. शेवटी तिनं शेजारी मोबाइल बघत बसलेल्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"अहो, एवढं पान उलटता का?"

त्यानं उलटलं. "या वयात कसल्या प्रेमकथा वाचतेस?"

गोष्टीतला नायक शेजारणीकडून सहा वाट्या उसन्या नेतो आणि रोज एकच परत करतो, तिनं पुन्हा दार उघडावं म्हणून. वासंतीचा नवरा स्वतःच्या किल्लीनं घरात येई. इतक्या वर्षांत तिच्यासाठी कुणी बेल वाजवली नव्हती. पण हे त्याला कसं सांगायचं?

"सगळ्या वाट्या एकदम नाही का देता येत याला?" तो पुटपुटला.

म्हणजे तोही वाचत होता. तिनं पुढच्या पानासाठी मान हलवली.

"थांब जरा, माझं व्हायचंय."

ती थांबली. अशी पानांमागून पानं उलटली. मेंदी केव्हाच वाळली होती. तिनं बोटं मात्र ओली असल्यासारखी ताठ धरून ठेवली.