बंद खोलीतली सुनावणी

"नावं मी नाही सांगणार," अब्रेहेत म्हणाली. टेबलावरच्या फोनमधून दुभाषी बाईंनी तेच इंग्रजीत सांगितलं.

नोरीन हॅलोरन यांनी पेन खाली ठेवलं. अब्रेहेतचा आश्रयाचा अर्ज स्थलांतर खात्याने फेटाळला होता. तो नकार योग्य होता की नाही, हे ठरवण्याचं काम न्यायाधिकरणाने त्यांच्याकडे दिलं होतं.

"तुम्ही म्हणता, तिकडे तुमच्या गावात, केरेनमध्ये, तुम्ही चोरून प्रार्थनेला जात होता. गटावर बंदी होती, धाड पडली, तुम्ही निसटलात. पण घर कुणाचं, सोबत कोण, हे विचारलं की गप्प बसता. खात्याच्या अधिकाऱ्याला वाटलं, सगळं रचलेलं आहे."

"त्यांनी मला वाचवलं, बाई. ती माणसं अजून तिथेच आहेत."

शेजारी बसलेल्या किदानेने मान वर केली नाही. मेलबर्नला नव्याने आलेल्या आपल्या देशाच्या माणसांना तोच हाताशी धरायचा. कुणाला खोली बघून द्यायची, कुणाला दवाखान्यात न्यायचं. अब्रेहेतला वकील मिळाला नव्हता, म्हणून आज आधाराला तो आला होता. सकाळी त्याने तिच्यासाठी घरची हिंबाशा आणली होती. त्या गोड पावाचा तुकडाही त्याने स्वतः खाल्ला नव्हता.

हॅलोरनबाईंनी थोडा वेळ सुट्टी दिली. दोघं बाहेरच्या बाकावर बसली.

"रागावलात, काका?"

"नाही गं."

"मग गप्प का? चर्चमध्ये तर पाद्रीबाबांपेक्षा तुमचंच प्रवचन लांबतं."

किदाने कसनुसा हसला. मग हळू आवाजात म्हणाला, "परत पाठवलं तर विमानतळावरच उचलतील तुला. नावं तिथेही विचारतील. पेन खाली ठेवून नाही विचारणार."

ती हाताच्या बोटांकडे बघत राहिली. "तुम्हालासुद्धा मी कधी सांगितली नाहीत."

"मी विचारली का कधी? मला नकोच सांगूस. त्या बाईंना सांग. इथलं बोलणं बाहेर जात नाही, त्यांनीच सांगितलंय ना? हवं तर मी बाहेर थांबतो."

"नको, आत या. तुम्ही जवळ असलात की धीर येतो."

आत गेल्यावर तिने पाणी मागितलं, पण प्यायली नाही. बोलायला लागली तेव्हा आवाज इतका बारीक होता की फोनवरच्या बाईंना दोनदा 'मोठ्याने' म्हणावं लागलं.

घर लूलचं होतं. उंटांच्या बाजारामागे राहणारी विधवा. शिकवायचे हाबतोम मास्तर. दवाखान्यातली झायद आजाऱ्यांसाठी प्रार्थना सांगायची. गाणी सगळ्यांनी म्हणायची ती नुसते ओठ हलवून, शेजारी ऐकतील म्हणून. धाड पडली त्या दिवशी लूलने अब्रेहेतला ज्वारीच्या पोत्यांमागे ढकललं आणि स्वतः पुढे बसून कॉफीच्या बिया भाजत राहिली. शिपायांनी विचारलं तर म्हणाली, बसा, पहिला कप तुमचा. ते बसले. रिवाजाचे तिन्ही कप होईपर्यंत बसले. पोत्यांमागे अब्रेहेतने तोंडात पदर कोंबून धरला होता.

"लूला तेस्फाय यांच्या घरी..." दुभाषी बाई सांगू लागल्या.

किदानेने हात वर केला. "माफ करा. लूल. लूल तेस्फू म्हणाली ती. नाव चुकायला नको."

हॅलोरनबाईंनी मान डोलावून दुरुस्ती केली. त्यानंतर त्यांनी फार प्रश्न विचारले नाहीत.

दुपारी त्यांनी निर्णय सांगितला. "न घडलेली गोष्ट कुणी अशी सांगू शकत नाही. माझा तुमच्यावर विश्वास बसला आहे. खात्याचा नकार मी रद्द करते."

दुभाषी बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत अब्रेहेतने किदानेच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती हुंदके देऊन रडू लागली. त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. त्याचेही डोळे भरून आले होते.

"तुमच्यामुळे झालं, काका. तुम्ही नसतात तर मी तोंड उघडलं नसतं."

"जा, चेहरा धुऊन ये," तो म्हणाला. "मी खाली थांबतो."

खाली रस्त्यावर वारा होता. ट्राम येऊन गेली, तरी तो भिंतीला टेकून उभाच राहिला. मग त्याने मायदेशी फोन लावला. पलीकडच्या माणसाने नुसता घसा खाकरला.

"लूल तेस्फू, उंटांच्या बाजारामागे," किदाने म्हणाला. "हाबतोम मास्तर. दवाखान्यातली झायद. आता तरी माझ्या पोराला तुरुंगातून सोडा, साहेब."